छपाईआधीची जोखीम कोणाची?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. त्याआधी, जानेवारी २०२३ मध्ये, अडोबी कंपनीने आपल्या आज्ञावल्यांमधून 'टाइप-१' या जुन्या स्वरूपातील फाँट वापरण्याची सोय काढून टाकली होती. संगणकक्षेत्रातील नित्याच्या घडामोडींपैकी या दोन. बहुतेक वाचकांच्या त्या नजरेतूनही सुटल्या असतील. पुण्याच्या पेठांमधून, मुंबईत गिरगाव-दादरच्या गल्ल्यांतून आणि जिल्ह्याच्या प्रत्येक गावी न्यायालयाच्या व शाळांच्या आसपास जी छोटी डीटीपी केंद्रे व छपाईची दुकाने चालतात, त्यांच्या दृष्टीने मात्र या दोन्ही गोष्टी थेट पोटापाण्याशी निगडित आहेत. यांपैकी अनेकांचा सारा कारभार जुना संगणक, जुनी आज्ञावली आणि त्यावरच चालणारे जुने मराठी फाँट या तिहेरी आधारावर उभा आहे. त्यातील एक खांब निखळला की उरलेले दोन निरुपयोगी ठरतात.

हा प्रश्न केवळ संगणक बदलण्याचा असता, तर चार पैसे साठवून तो सोडविता आला असता. प्रत्यक्षात यानिमित्ताने या व्यवसायातील एक जुने दुखणे पृष्ठभागावर आले आहे. ग्राहकाने आणलेला मजकूर आणि छपाईयंत्र यांच्या दरम्यान जे काम होते, म्हणजे मजकुराची मांडणी करणे, चित्रे व रंग छपाईयोग्य करणे आणि चुका पकडून निर्दोष फाइल तयार करणे, त्या कामाला आपल्याकडे स्वतंत्र किंमत नाही, त्याचा लेखी करार नाही आणि त्यातील चुकीची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नाही. परिणामी चूक कोणाचीही असो, तिचा भुर्दंड साखळीतील सर्वांत दुबळ्या घटकावर पडतो. छोटा व्यावसायिक टिकावा असे वाटत असेल, तर प्रथम या जोखमीची वाटणी न्याय्य व्हायला हवी.

ही परिस्थिती नेहमीच अशी नव्हती. मराठी मुद्रणाची परंपरा मोठी आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून देवनागरी खिळ्यांना जे देखणेपण दिले, त्याची साक्ष जुने ग्रंथ आजही देतात. खिळ्यांच्या त्या काळात एकाच मजकुरावरून अनेक डोळे फिरत. जुळारी खिळे जुळवी, गॅलीचे मुद्रित निघे, मुद्रितशोधक ते तपासी, दुरुस्त्यांनंतर पुन्हा मुद्रित निघे आणि यंत्रावर फर्मा चढल्यावर यंत्रचालकही पहिला कागद डोळ्यांखालून घाली. चुका तेव्हाही होत. पण चूक पकडण्याची जबाबदारी कामाच्या रचनेतच वाटून दिलेली होती.

पुढे ऑफसेट आले आणि १९८५ साली बाजारात आलेल्या 'पेजमेकर'सारख्या आज्ञावल्यांनी पानांची मांडणी टेबलावरच्या संगणकावर आणून ठेवली. तरीही बटर पेपरवर किंवा फिल्मवर निघालेले पान कोणी तरी उजेडासमोर धरून पाहत असे. आता संगणकातील फाइल थेट प्लेटवर उमटते. फिल्म गेली आणि ती पाहणारा डोळाही गेला. प्रत्येक टप्पा वगळताना वेळ व पैसा वाचला हे खरेच. परंतु त्या टप्प्यावर होणारी तपासणी दुसऱ्या कोणाकडेही सोपविली गेली नाही. जुळारी, मुद्रितशोधक, चित्रकार, कॅमेरामन आणि पेस्टर अशा पाच जणांची कामे आज एकच तरुण किंवा तरुणी एका खुर्चीवर बसून करते आणि ग्राहकाच्या लेखी ती व्यक्ती फक्त 'टाइप करणारी' असते.

हे काम नेमके काय असते, हे थोडे तपशिलात पाहिल्याशिवाय त्याचे मोल ध्यानात येणार नाही. पडद्यावरचे चित्र लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांनी बनते. कागदावरचे चित्र निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंच्या बारीक ठिपक्यांनी. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर झगमगणारा पोपटी वा विजेसारखा निळा रंग चार शाईंच्या मिश्रणातून निघूच शकत नाही. तो मंदावणार, हे छपाईआधीच ग्राहकाला सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर 'तुमच्या छपाईत रंग उतरला' हा ठपका ठरलेला.

चित्रांचेही तसेच. ए-४ आकाराचे पूर्ण पान चांगले छापायचे, तर इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने चित्र सुमारे २,४८० बाय ३,५०८ बिंदूंचे असावे लागते. ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवरून जे छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवितो, ते वाटेत आक्रसते. त्याची लांब बाजू दीड हजार बिंदूंच्या आसपास उरली, तर ते पाच इंचांपर्यंतच नेटके छापता येते. तेच मुखपृष्ठावर ताणले की चेहरा धुरकट होणार. कागद कापताना पाते केसभर इकडेतिकडे सरकते, म्हणून कडेपर्यंत जाणारा रंग चारही बाजूंनी सुमारे तीन मिलिमीटर बाहेर वाढवून ठेवावा लागतो. तो 'ब्लीड' ठेवला नाही, तर कापल्यानंतर एका कडेला पांढरी रेघ दिसते.

सर्वांत उद्बोधक उदाहरण काळ्या अक्षरांचे. चाररंगी छपाईत प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते. मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवला असेल आणि प्लेटा निघाल्यावर दूरध्वनी क्रमांकातील एक आकडा चुकल्याचे लक्षात आले, तर फक्त काळी प्लेट बदलून भागते. परंतु पडद्यावर काळी दिसणारी हीच अक्षरे चारही शाईंच्या मिश्रणातून झालेली असतील, किंवा रंगीत पट्टीतून पांढरी कोरलेली असतील, तर त्या एका आकड्यासाठी चार प्लेटा नव्याने काढाव्या लागतात. आणि व्हिजिटिंग कार्डांसारखी अनेक ग्राहकांची कामे एकाच मोठ्या कागदावर एकत्र बसविलेली असली, तर एकासाठी सगळ्यांचे काम थांबते. फाइल तयार करणाऱ्याने हा विचार आधी केला होता की नाही, यावर दुरुस्तीचा खर्च एका प्लेटचा की चार प्लेटांचा हे ठरते. म्हणजेच ही कारागिरी थेट पैशांत मोजता येते. ती नसते तेव्हाच तिची किंमत कळते, हे मात्र दुर्दैव.

ही झाली कोणत्याही भाषेतील छपाईची गोष्ट. मराठीच्या वाट्याला याखेरीज आणखी एक ओझे आले आहे. भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही प्रमाण संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली आणि त्याच वर्षी जगभराच्या 'युनिकोड'च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थानही मिळाले. पण छपाईच्या व्यवसायाला तेवढी उसंत नव्हती. तेव्हाच्या मांडणीच्या आज्ञावल्यांना जोडाक्षरे कळत नसत. तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून फाँट तयार झाले आणि प्रत्येक कंपनीने ते आपापल्या क्रमाने बसविले. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळच होती. केवळ डोळ्यांना मराठी दिसे. या तडजोडीने मराठी डीटीपीचा व्यवसाय उभा केला, हजारोंना रोजगार दिला आणि दिवाळी अंकांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सारे छापून दाखविले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण तो फाँट संगणकात नसेल, तर त्या फाइलमधील मजकूर वाचताच येत नाही, शोधता येत नाही आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीलाही तो कळत नाही.

'पेजमेकर'ची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि तिचा पुढील विकास लवकरच थांबला. 'इनडिझाइन'मध्ये मराठीसह भारतीय भाषांची रीतसर सोय २०१२ च्या आवृत्तीत झाली. मधली दहा-अकरा वर्षे व्यवसायाने जुन्या साधनांवरच काढली आणि तोवर हाताला त्यांचीच सवय जडली. शिवाय २०१३ मध्ये अडोबीने नव्या आवृत्त्या कायमच्या विकण्याऐवजी वर्गणीवर देण्याचे धोरण जाहीर केले. एकदा खरेदी करून दहा वर्षे वापरण्याची सवय असलेल्या छोट्या दुकानदाराला दरमहा वर्गणी परवडेना. मूळ आज्ञावलीऐवजी चोरीची प्रत वापरण्याची खोडही या व्यवसायाला जुनीच आहे; तिच्यामुळे नव्या आवृत्तीचा, प्रशिक्षणाचा आणि मदतीचा मार्ग आपोआप बंद होतो, हेही स्पष्टपणे सांगायला हवे.

आज ग्राहक मजकूर भ्रमणध्वनीवर युनिकोडमध्ये लिहून पाठवितो आणि दुकानात तो जुन्या फाँटमध्ये रूपांतरित केला जातो. नेमक्या याच वळणावर अपघात होतात. 'ऱ्या'चा रफार भलत्याच अक्षरावर चढतो, 'ॲ' नाहीसा होतो, एखादे जोडाक्षर फुटते, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते. त्यात भर म्हणून गडद चाररंगी पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे घातली, की छापताना रंगांचे रजिस्टर किंचित हलले तरी शिरोरेखा भरून येते आणि अनुस्वार बुजतो. रोमन लिपीत 'आय'वरचा ठिपका गेला, तर शब्द तोच राहतो. मराठीत अनुस्वार गेला की 'चिंते'ची 'चिता' होते. देवनागरीच्या शिरोरेखेवर आणि पायाशी अर्थाचा एवढा भार असतो, की इंग्रजीसाठी पुरेशी ठरणारी तपासणी तिला पुरत नाही. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून 'ल' आणि 'श' या अक्षरांच्या मराठी वळणाचा आग्रह धरला, तरी निवडलेल्या फाँटमध्ये ते वळण आहे की हिंदी धाटणीचे, हे पाहणाराही शेवटी तोच खुर्चीवरचा माणूस असतो.

आता या साऱ्या कामाचा आर्थिक हिशेब पाहू. आपल्याकडे 'छपाई करा, डिझाइन फुकट' ही पाटी इतकी रुळली आहे, की मांडणीचे पैसे मागणारा दुकानदार लोभी ठरतो. समजा, एखाद्याने हजार माहितीपत्रकांचे काम २५,००० रुपयांना घेतले आणि सर्व खर्च वजा जाता त्याला ३,००० रुपये सुटणार आहेत. छापून झाल्यावर पत्त्यात चूक निघाली आणि ग्राहक अडून बसला, तर कागद, प्लेटा व यंत्राचे मिळून १८,००० रुपये पुन्हा घालावे लागतील. एका चुकीने तशा सहा कामांची कमाई जाते. मोठा छापखाना हे सोसू शकतो. ज्याच्याकडे स्वतःचे यंत्रही नाही आणि जो बाहेरून छापून आणतो, तो सोसू शकत नाही. त्याने छापखान्याकडे बोट दाखवावे तर छापखाना म्हणतो, 'आम्ही तुमच्या फाइलप्रमाणे छापले.' ग्राहकाकडे दाखवावे तर ग्राहक म्हणतो, 'तपासणे तुमचे काम होते.' दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नसते. मधल्या माणसाकडे मात्र दाखवायला कागद नसतो.

दुसरीकडे, कॅन्व्हासारख्या साधनांमुळे ग्राहक स्वतःच नक्षी करून आणू लागला आहे. याला नावे ठेवण्याचे कारण नाही. घरगुती मसाले करणाऱ्या बचतगटाला किंवा नव्याने शिकवणी सुरू करणाऱ्याला कालपर्यंत जे लेबल वा पत्रक परवडत नव्हते, ते आज स्वतः करता येते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु पडद्यासाठी केलेली आकृती आणि छपाईसाठी तयार केलेली फाइल या दोन भिन्न वस्तू आहेत. ग्राहक तयार फाइल आणतो म्हणून दुकानदाराचे काम संपत नाही. उलट, दुसऱ्याच्या फाइलमधील दोष शोधून दुरुस्त करणे हे नव्याने करण्यापेक्षा किचकट असते. नक्षी काढण्याचे मोल उतरत जाणार, हे उघड आहे. ती छपाईयोग्य आहे याची हमी देण्याचे मोल मात्र वाढायला हवे. छोट्या व्यावसायिकाचे भवितव्य यापुढे त्या हमीत आहे. हे ओळखून त्याने आपल्या देयकात 'छपाईपूर्व तपासणी व तयारी' ही स्वतंत्र ओळ घातली पाहिजे. फुकट दिलेल्या गोष्टीची जबाबदारी मात्र पूर्ण घ्यायची, हा व्यवहार कोणत्याच धंद्यात टिकत नाही.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. तोंडी करारही वैध असू शकतो, पण तो सिद्ध करणे कठीण. म्हणून अंतिम मुद्रितावर ग्राहकाची सही, तारीख आणि 'मजकूर व आकडे तपासले' एवढे शब्द घेणे हा पहिला बचाव. ते शक्य नसेल तेथे निदान ई-मेलवर वा संदेशातून स्पष्ट मंजुरी घ्यावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ सालचा आहे. 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात; अन्यथा रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. मालाविषयी आक्षेप असेल, तर खरेदीदाराने तो पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी कळविणे या कायद्याला अपेक्षित आहे. तसे केले नाही, तर माल पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते. सहा महिन्यांनी 'रंग बरोबर नव्हता' म्हणून देयक अडविणाऱ्या कंपन्यांना हे उत्तर आहे. व्यक्तिगत ग्राहकाकडून होणाऱ्या उधारीला याचा फारसा उपयोग नाही. पण संस्था आणि कंपन्यांच्या कामात तो निश्चित आहे. तरी किती छोट्या मुद्रकांना ही तरतूद ठाऊक असते?

करांच्या बाबतीतही असेच. ग्राहकाचा मजकूर घेऊन आपल्या कागदावर पुस्तक, पत्रक वा माहितीपत्रक छापून दिले, तर ती मुख्यतः सेवा मानावी आणि छापील पाकिटे वा खोकी दिली, तर तो मालाचा पुरवठा मानावा, असा खुलासा ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने केला. फक्त मालाचा पुरवठा करणाऱ्याला महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपयांची आहे, सेवेसाठी ती २० लाखांची. तेव्हा आपण नेमके काय विकतो, हे दुकानदाराने स्वतःशी स्पष्ट करणे ही निव्वळ तात्त्विक चर्चा नाही. त्यावर त्याचे कागदोपत्री ओझे ठरते.

सारा दोष ग्राहकाच्या किंवा कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. 'चालून जाईल' ही वृत्ती या व्यवसायात मुरलेली आहे. मुद्रितशोधनाचा खर्च सर्वांत आधी कापला जातो, छापील लग्नपत्रिकांतील अशुद्धे आता कोणाला खटकतही नाहीत, आणि जुन्या कामांच्या फाइली नीट जपून ठेवण्याची शिस्त अपवादानेच आढळते. युनिकोडकडे वळण्याला आता साधनांची सबबही उरलेली नाही. 'मुक्त', 'बलू', 'टिरो देवनागरी मराठी' यांसारखे मुक्त परवान्याचे दर्जेदार फाँट विनामूल्य मिळतात. पानांच्या मांडणीसाठी 'स्क्रायबस' ही मुक्त आज्ञावली आहे. छपाईसाठी फाइलची देवाणघेवाण कशी व्हावी, याचे 'पीडीएफ-एक्स' हे आंतरराष्ट्रीय मानक २००१ पासून उपलब्ध आहे. फाइल त्या मानकात बसते की नाही हे तपासून मगच प्लेट काढायची, एवढा नियम छापखान्यांनी एकत्रितपणे पाळला, तरी फाँट गहाळ होण्याचे आणि रंग बदलण्याचे निम्मे तंटे उद्भवणार नाहीत.

यात संघटना आणि शिक्षणसंस्थांनाही हात द्यावा लागेल. मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहे, पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाने मुद्रण अभियांत्रिकीचे शिक्षण पुष्कळ वर्षे चालविले. तेथील ज्ञान मोठ्या छापखान्यांना व वेष्टनउद्योगाला मिळते. पेठेतल्या दुकानापर्यंत ते झिरपत नाही. मुद्रकांच्या स्थानिक संघटनांनी अशा संस्थांच्या साहाय्याने चार रविवारचे वर्ग घेतले, मंजुरीपत्राचा एक छापील मराठी नमुना आणि छपाईपूर्व कामाचे किमान दरपत्रक तयार केले, तर त्याला शासकीय अनुदानाचीही वाट पाहावी लागणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याचा आनंद आपण योग्य रीतीने साजरा केला. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या भाषेत जे छापले गेले, त्याचा फार मोठा भाग याच छोट्या दुकानांतील जुन्या संगणकांमध्ये, त्या त्या फाँटच्या कुलपात अडकून पडला आहे. पहिली आवृत्ती संपलेली पुस्तके, संस्थांच्या स्मरणिका, गावांचे इतिहास त्यात आहेत. तो संगणक बंद पडला किंवा ते दुकान मिटले, तर ती फाइल पुन्हा उघडता येणार नाही. तेव्हा ज्या लेखकाची वा संस्थेची पुस्तके त्या काळात छापली गेली, त्यांनी आपल्या डीटीपीवाल्याकडे आजच चौकशी करावी, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मागावा, तो एकदा नीट वाचून घ्यावा आणि त्या कामाचे पैसे विनातक्रार द्यावेत.